उस्ताद, पाय दुखतोय

मैदानाच्या कडेवरून : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त उस्तादाची उत्तरं

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं खाकीत काढली, त्यातली १४ कवायत निर्देशक म्हणून. आता कळव्यात राहतो आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना सकाळी मैदानावर घेतो. या महिन्यात २३ पत्रं आली. अभ्यासक्रम विचारणारी चार, बाकी सगळी दुखण्याची. माझी सून फिजिओथेरपिस्ट आहे, खारेगावात तिचा दवाखाना आहे. खालची उत्तरं तिच्या नजरेखालून गेली आहेत. दोन ठिकाणी तिने लाल पेन चालवला, दोन्ही ठिकाणी मी गप्प बसलो.

मी २२ वर्षांचा आहे, राहायला दिव्यात. आधी आठवड्यातून तीनदा पळायचो. जाहिरात येणार असं सगळे म्हणायला लागल्यापासून सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ पळतोय. १६०० मीटर ५ मिनिटं ३८ सेकंदांत जातं. तीन आठवड्यांपासून डावी नडगी आतल्या बाजूने दुखते. आधी पळून झाल्यावर दुखायची, आता पहिल्या पावलापासून दुखते. एक्स-रे नॉर्मल आला. अॅकॅडमीतले सर म्हणतात, पळत राहा, आपोआप मोकळं होईल. होईल का?

आज रात्री जेवण झाल्यावर खाटेवर बस. नडगीच्या हाडाची आतली कड अंगठ्याने वरून खाली दाबत ये. वीतभर पट्ट्यात सगळीकडे थोडंथोडं दुखलं तर ते बहुधा शिन स्प्लिंट. हाडाला चिकटलेलं आवरण आणि स्नायू चिडलेत, एवढंच. पण बाकी सगळं ठीक आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी दाबल्यावर तू खाटेवरून उठलास, तर तिथे हाडाला बारीक चीर पडत असण्याची शंका घ्यायची. त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल तर शंका आणखी पक्की. अशा वेळी एका पायावर उडी मारून बघायचा शहाणपणा करायचा नाही, सरळ अस्थिरोगतज्ज्ञाकडे जायचं.

एक्स-रे नॉर्मल आला म्हणून फार खूश होऊ नकोस. ही चीर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही. एमआरआयमध्ये लवकर दिसते. दुखणं मात्र जुनंच आहे. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने १८५५ मध्ये सैनिकांच्या सुजलेल्या पावलांबद्दल लिहून ठेवलं. तेव्हा एक्स-रेच नव्हता, तो ४० वर्षांनी आला. पुढे चित्र दिसलं तेव्हा कळलं की पावलातली हाडं चालून चालून चिरत होती. आजही त्याला मार्च फ्रॅक्चर म्हणतात. कुणी मारलं नाही, कुठे पडलं नाही, नुसत्या कवायतीने हाड चिरतं, हे आम्हा उस्ताद लोकांना कुणी शिकवलंच नव्हतं.

असं का होतं ते सूनबाईने मला घोडबंदर रस्त्याच्या खोदकामाचं उदाहरण देऊन समजावलं. हाडावर नवा भार आला की शरीर त्याची डागडुजी काढतं. पण खोदणारे आधी येतात, भरणारे मागाहून. जुनं हाड दोन-तीन आठवड्यांत कुरतडून निघतं, नवं पक्कं बसायला महिने लागतात. म्हणून एकदम पळणं वाढवलं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराला हाड आधीपेक्षा कच्चं असतं. नेमकं तेव्हाच पोराला वाटतं की आता दम आलाय, अजून वाढवू. दम खरंच आलेला असतो. छाती आणि स्नायू लवकर तयार होतात, हाड मागे राहतं. तुझी तारीख बघ : जाहिरातीची हवा सुटली, तू पळणं चौपट-पाचपट केलंस आणि नडगी बोलायला लागली.

आता जे लिहितो ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. एका प्रशिक्षण केंद्रात माझ्या तुकडीत बीडकडचा एक मुलगा होता. सडपातळ, कामाला वाघ. पाचव्या आठवड्यात परेड सुटल्यावर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "उस्ताद, पाय दुखतोय." मी म्हणालो, "दुखतोय म्हणजे आहे अजून जागेवर." सगळी तुकडी हसली, तोही हसला. मी त्याला मैदानाची एक फेरी जास्त दिली, बाकीच्यांनी दुखणी सांगत येऊ नये म्हणून. त्यानंतर तो काही बोलला नाही. आठ-नऊ दिवसांनी कदमताल चालू असताना मधल्या रांगेतून सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. नडगीचं हाड आरपार गेलं होतं. पोरगा मागच्या तुकडीत गेला, पास झाला, नोकरीला लागला. एकदा विसर्जनाच्या बंदोबस्तात समोर आला. त्याने ओळख दाखवली नाही, मीही हाक मारली नाही.

कवायतीत तेज चल म्हणजे मिनिटाला १२० पावलं. वीस मिनिटांत २४०० वेळा टाच जमिनीवर आपटते, तीही बहुतेक ठिकाणी सिमेंटवर. हा हिशोब मला निवृत्तीनंतर सुचला.

तर तू काय करायचंस? पळणं आज बंद. शिन स्प्लिंट असेल तर दोन-तीन आठवड्यांत, चालताना अजिबात दुखत नाही अशी वेळ आली की एक दिवसाआड हळूहळू सुरू कर. चीर निघाली तर सहा ते आठ आठवडे पळणं नाही, आणि ती नडगीच्या पुढच्या कडेला असेल तर त्याहूनही जास्त. ती जागा हट्टी असते. दम जाऊ नये म्हणून सायकल मार, पोहायला येत असेल तर पोह. दोन्हींत नडगीवर आपटणं नाही.

आणि वेळेचं गणित नीट मांड. भरतीत १६०० मीटरच्या पूर्ण २० गुणांना ५ मिनिटं १० सेकंद. ४०० मीटरच्या चार फेऱ्या, म्हणजे फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. तुझी फेरी साडेचौऱ्यांशीला पडते. फेरीमागे ७ सेकंद काढायचेत. ते दोन वेळा पळून निघत नाहीत. आठवड्यातून दोन दिवस वेगाचे, मध्ये एक-दोन दिवस हलके, एक दिवस पूर्ण आराम, यातून निघतात. धावपट्टी मातीची शोध. दिव्यातून उठून सिमेंटच्या रस्त्यावर काळोखात पळण्यापेक्षा अर्धा तास लोकलला गेला तरी चालेल. बूट मित्राचे घालत असशील तर त्याला परत कर.

तुझ्या सरांना हे पान दाखव. वाईट वाटून घेऊ नका म्हणावं, मीही असंच सांगायचो.

घणसोलीहून एक मुलगी : ४ किलोचा गोळा टाकताना मनगट मागे मुरगळतं आणि कोपराच्या आत दुखतं.

गोळा तळहातात बसवतेस म्हणून. तो बोटांच्या मुळाशी बसला पाहिजे आणि मानेला टेकला पाहिजे. कोपर खाली पडलं की गोळा ढकलला जात नाही, चेंडूसारखा फेकला जातो आणि कोपर आतून उसवतं. दोन आठवडे गोळा बाजूला ठेव, नुसतं पायांचं वळण आणि कंबरेचा झटका घोटव. ताकद तिथूनच येते. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, त्यांनाही हेच लागू.

माझी मुलगी प्रशिक्षणात आहे, पाचवा महिना चालू आहे. फोनवर सांगते की उजव्या जांघेत दुखतं, पाय टाकला की जास्त. ती लंगडतेय असं तिच्या मैत्रिणीकडून कळलं. चार महिने तिची पाळीही आलेली नाही. म्हणते, आई, कुणाला सांगू नकोस, आजारी म्हणून सिकमध्ये गेले तर मागच्या बॅचला टाकतील. काय करू? — एक आई, ऐरोली

ताई, हे पत्र हाती पडेपर्यंत पंधरा दिवस गेले होते, म्हणून तुमच्या दिलेल्या नंबरवर आधी फोन केला. बाकीच्या आयांसाठी इथे लिहितो.

जांघेत दुखणं आणि पाय टाकला की वाढणं, हे नडगीच्या दुखण्यासारखं दोन आठवडे थांबून बघायचं दुखणं नाही. मांडीचं हाड खुब्यात बसतं, तिथे त्याची मान असते. तिला चीर पडली तर असंच दुखतं. पुष्कळदा लोक त्याला जांघेत भरलं म्हणतात आणि तेल चोळतात. ती चीर वाढून हाड तुटलं तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा जाऊ शकतो. मग मोठं ऑपरेशन, आणि बॅचच काय, नोकरीचाच प्रश्न. म्हणून त्याच दिवशी पायावरचा भार काढायचा, कुबडी घ्यायची आणि एमआरआय करून घ्यायचा.

पाळी थांबणं वेगळी गोष्ट आहे असं तुम्हाला वाटलं असेल. सूनबाईने इथेच पहिला लाल पेन चालवला. मी "त्याचंही डॉक्टरांना सांगावं" एवढंच लिहिलं होतं. ती म्हणाली, बाबा, तीच तर मूळ गोष्ट आहे. खर्च होतो त्यापेक्षा खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळी बंद करतं आणि हाडांना मिळणारं हार्मोनचं बळ आटतं. पहाटे पाचला पीटी, मग परेड, मग वर्ग, संध्याकाळी पुन्हा मैदान. मेसमध्ये रांग लांब आणि वेळ कमी, म्हणून दोन चपात्यांवर उठणाऱ्या मुली मी पाहिल्यात. काहींना वजन वाढायची भीती. अशा मुलीच्या हाडाला मुलग्यापेक्षा कमी भारात चीर पडते. तेव्हा डॉक्टरांना पाळीचं नक्की सांगा, ड जीवनसत्त्व आणि लोह तपासा, आणि ती काय खाते ते आई म्हणून तुम्ही विचारा. आम्ही उस्तादांनी ते कधी विचारलं नाही.

एक गोष्ट आमच्या बाजूची. तुकडीत उंच मुली पुढे आणि बुटक्या मागे उभ्या केल्या की पुढचीचं पाऊल मागच्या सगळ्यांना गाठावं लागतं. मागची मुलगी प्रत्येक पावलाला खुबा ताणते. दिवसाला हजारो पावलं. पुढे बुटक्यांना घेतलं आणि पाऊल त्यांच्या मापाचं ठेवलं की ताण कमी होतो. दिसायला तुकडी तेवढी रुबाबदार दिसत नाही, हे खरं. दीक्षांताला कोण पाहुणा येणार त्यावर पायांचं माप ठरवायचं का, हा प्रश्न मी एकदा बैठकीत विचारला होता. पुढच्या बैठकीला मला बोलावणं नव्हतं.

मागच्या बॅचची भीती खोटी नाही. पण सिक रिपोर्ट लेखी करा, दवाखान्याचा प्रत्येक कागद जपा. प्रशिक्षणात झालेली दुखापत कागदावर असेल तर मुलगी मागच्या तुकडीत जाऊन प्रशिक्षण पूर्ण करते. कागदावर नसेल तर तिला कामचुकार ठरवायला एक मिनिट पुरतं.

पॅरासिटामॉलने भागत नाही. मैदानाच्या दिवशी सकाळी मित्र देतात ती दुखण्याची स्ट्राँग गोळी घेतली तर चालेल का? — एक उमेदवार, कोपरी

नाही. दुखण्याच्या त्या गोळ्या, शरीरातलं पाणी कमी आणि जिवाच्या आकांताने पळणं, हे तिन्ही एकत्र आलं की मूत्रपिंडावर येतं. गोळीने दुखणं झाकलं जातं, चीर झाकली जात नाही. आणि कुणी इंजेक्शनचं नाव काढलं तर त्या मित्राबरोबर तालमीलाही जाऊ नकोस.

मी वाहतूक शाखेत हवालदार आहे, वय ४६. दोन महिन्यांपूर्वी नाकाबंदीत एकाने दुचाकी पायावर घातली आणि पळाला. घोटा सुजला, बर्फ लावला, चार दिवसांत ड्युटीवर. नोंद कुठेच केली नाही, उगाच साहेबांना कशाला त्रास. आता चढ-उतारावर घोटा आपोआप वळतो, कंबरही धरते. आता काही करता येईल का? — नवी मुंबई

हवालदारसाहेब, तुमच्या जागी मी असतो तर मीही नोंद केली नसती, म्हणून उपदेश करत नाही. पण उद्या सकाळी जाऊन करा.

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये विशेष विकलांगता रजा नावाची रजा आहे. कर्तव्यावर कुणी मुद्दाम इजा केली किंवा कर्तव्यामुळे अपघाताने इजा झाली, तर ती मिळते. त्यात एक अट आमच्या लोकांना माहीतच नसते : इजा झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत विकलांगता दिसून आलेली असावी आणि ती तत्परतेने वरिष्ठांच्या नजरेस आणलेली असावी. तुमचे दोन महिने गेलेत. स्टेशन डायरीत घटनेची तारीख, वेळ, जागा, बरोबर कोण होतं, सगळं लिहून घ्या. सरकारी रुग्णालयात तपासणी करून कागद घ्या, त्या दिवसाचा ड्युटी चार्ट जोडा. त्या माणसाने गाडी मुद्दाम घातली असेल तर तो गुन्हाही आहे. सरकारी नोकरावर हल्ला आणि त्याला इजा, यांना जुन्या दंडविधानात ३५३ आणि ३३२ म्हणायचो, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्यांची कलमं १३२ आणि १२१ झाली. उपचाराच्या खर्चासाठी पोलीस कुटुंब आरोग्य योजना आहेच. तिच्या यादीतलं रुग्णालय आधी बघून मग जा.

आता घोटा. पाय मुरगळला की सूज उतरते, पण सांध्याचे बंध सैल राहतात आणि पायाची तोल सांभाळायची सवय मोडते. म्हणून तो पुन्हा पुन्हा वळतो. बंध ढिले झालेत का हे डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या, मग रोजचं काम घरच्या घरी होतं. सकाळी दात घासताना एका पायावर उभे राहा, पहिल्या आठवड्यात बेसिन धरून, मग सोडून. जिन्याच्या पायरीवर पंज्यांवर उभं राहून टाचा वर-खाली करा, १५ वेळा, दिवसातून दोनदा. दोन-तीन महिने न चुकता. हे वाचून तुम्ही हसाल. मीही हसलो होतो. माझा उजवा गुडघा पोरांना बदक चाल करून दाखवता दाखवता गेला, आतली गादी फाटली. तेव्हा हेच करायला सांगितलं होतं आणि मी चार दिवसांत सोडलं.

कंबर धरते ती उभं राहून. आठ तास एकाच जागी, एकाच पायावर भार, कमरेला पट्टा. दर अर्ध्या तासाला सिग्नल पडला की २० पावलं चाला. बुटात टाचेखाली मऊ तळ घाला, ते दिसत नाही, कुणी मेमो देत नाही.

लोकांना वाटतं पोलिसाला दगड लागतो, लाठी लागते, गोळी लागते. ते होतंच. पण ठिकठिकाणच्या पोलिसांच्या दुखापती मोजल्या गेल्यात तिथे लचक आणि स्नायूंचा ताण सगळ्यात वर आहेत. आरोपी धरताना झटापटीत, पाठलागात, पाय घसरून, गाडीत चढता-उतरताना. त्यांची बातमी होत नाही, म्हणून नोंदही होत नाही.

बातमी झाली तशी एक तुमच्याच भागातली आठवत असेल. एप्रिल २०२३ मध्ये एका वाहतूक पोलिसाला गाडीच्या बॉनेटवर तसंच घेऊन चालक वाशीकडून थेट गव्हाण फाट्यापर्यंत गेला, अठरा-वीस किलोमीटर. तो पोलीस वाचला हे नशीब. गाडी अडवताना समोर उभं राहायचं नाही, हे मी प्रत्येक तुकडीला सांगत आलो. चालकाच्या बाजूला, पुढच्या चाकाच्या मागे, कोनात उभं राहा. थांबला तर ठीक, पळाला तर नंबर लिहा, पुढच्या नाक्याला वायरलेस करा. गाडी पळाली म्हणून तुमचा अपमान होत नाही. होतो असं वाटतं, ते वय वाढलं की कमी होतं. तुमचं ४६ झालंय, आता व्हायला हरकत नाही.

मुलाची मैदानी चाचणी साकेतच्या मैदानावर लागेल असं दिसतं. आम्ही शहापूरच्या आतल्या गावातले. पहाटे पाचला हजर राहायचं असतं म्हणे, म्हणजे आदल्या रात्रीच ठाण्यात येऊन मैदानाबाहेर झोपावं लागेल. त्याला काय खायला द्यावं? आणि भरतीत मुलं जातात असं ऐकतो, त्याच्या आईला झोप नाही.

भाऊ, खोटा धीर देत नाही. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत ५ किलोमीटर धावल्यावर काही उमेदवार दगावले. त्यानंतर पुरुषांचं अंतर ३ किलोमीटर केलं, पुढे ते १६०० मीटरवर आलं. राज्य राखीव पोलीस बलात मात्र ५ किलोमीटर राहिलं, आणि जून २०२४ मध्ये अंबरनाथजवळच्या बाळेगावात त्या धावेनंतर एक तरुण उमेदवार गेला. दोन्ही वेळा जूनच होता. पाऊस पडल्यासारखं वाटतं, पण हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. ठाण्याच्या खाडीकाठी तर बोलायलाच नको. पहाटेही अंग चिकचिकतं.

जी मुलं कोसळतात त्यांच्याबद्दल मी जे पाहिलं ते असं : रात्रभर एसटीत किंवा रेल्वेत उभी, मग फुटपाथवर डास मारत तीन तास, लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी बंद, पोट जड होऊ नये म्हणून जेवण बंद, आणि चेस्ट नंबर मिळाल्यावर उन्हात चार तास बसणं. मग जिवाच्या कराराने धाव. तुमच्या मुलाचं हे होऊ देऊ नका. ठाण्यात किंवा कळव्यात नात्यातलं कुणी असेल तर लाज न बाळगता दोन रात्री आधी पाठवा. एक रात्र आधी नाही, दोन. कुणीच नसेल तर मला कळवा. माझ्याकडे गच्चीवर चार जणांची सोय होते, वर पत्रा आहे, पंखा आहे, सूनबाईची बोलणी फुकट.

आदल्या रात्री नेहमीचं जेवण, भात-वरण-भाजी. मैदानावर नवीन काही खायचं नाही, मित्राने दिलेलं पेय तर नाहीच. धावायच्या दोन-तीन तास आधी केळं, भाकरीचा तुकडा किंवा पोहे. पाणी थोडंथोडं, पिशवीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. लघवी चहासारखी गडद झाली तर पाणी कमी पडलंय, हे त्याला सांगून ठेवा. आठवड्याच्या आत ताप किंवा जुलाब झाले असतील तर धावू नये. तारीख बदलून मागावी, डॉक्टरांचा कागद लावावा. मिळेलच असं नाही, तरी मागावी. धावताना छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचं. घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, किंवा तो आधी कधी धावताना बेशुद्ध पडला असेल, तर आताच हृदयाची तपासणी करून घ्या. मैदानाच्या आदल्या दिवशी नाही.

आणि तुम्ही स्वतः मैदानाबाहेर असाल, तर एवढं लक्षात ठेवा. पळून आलेला मुलगा अडखळत असेल, भलतंच बोलत असेल, अंग भट्टीसारखं तापलेलं असेल, तर तो दमलेला नाही, त्याला उष्माघात झालाय. १०८ ला फोन करा, पण गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, मिळेल ते पाणी अंगावर ओता, बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघांत ठेवा, वारा घाला. आधी गार करायचं, मग न्यायचं. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. हा दुसरा लाल पेन. माझ्या कच्च्या उत्तरात "ताबडतोब दवाखान्यात न्या" एवढंच होतं. आम्ही वर्षानुवर्षं तेच करत आलो, तापलेल्या पोराला जीपमध्ये कोंबायचं आणि गर्दीतून हॉर्न वाजवत न्यायचं.

त्याच्या आईला सांगा, मैदानाच्या दिवशी सकाळी मी साकेतला गेटसमोरच्या चहावाल्याकडे असतो. पांढरी मिशी, हातात स्टॉपवॉच.

उस्ताद, तुम्ही स्वतः अजून पळता का? — कळवा, वय वर्षं ११

नाही बाळा. चालतो. खाडीच्या कडेने कळवा पुलापर्यंत जातो आणि परत येतो. पुलाच्या चढाला थांबून गुडघ्याला विचारतो, जायचं का? बहुतेक वेळा हो म्हणतो. तुझी शाळा त्याच रस्त्यावर असेल तर हाक मार, म्हणजे मला थांबायला कारण मिळेल.